आयरिश पूर्वज आणि ते शोधून देणारी माणसं: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

आयर्लंडमध्ये राहतो म्हटलं की हे प्रश्न कुठून कुठून येतात. कुणाची सून आयरिश आहे, कुणाच्या पुण्यात कॅम्पातल्या शेजाऱ्यांचे पणजोबा कॉर्कचे होते, कुणाला नुसताच पासपोर्टचा वास लागलाय. दर वेळी तेच टाइप करायचा कंटाळा आला म्हणून सगळं एकदाच लिहून ठेवतोय.

जीनिऑलॉजिस्ट म्हणजे वंशावळ काढून देणारा, एवढंच ना?

वंशावळ शेवटी निघते हो, पण रोजचं काम ते नाही. रोजचं काम म्हणजे एकाच नावाची पाच माणसं समोर उभी असताना त्यातला आपला कोण हे कागदावर सिद्ध करणं. नाव सापडणं आता सोप्पं झालंय, मोबाइलवर बसल्या बसल्या सापडतं. "हाच तो" हे कशावरून, ते सांगता आलं पाहिजे, आणि सांगता येत नसेल तर "इथपर्यंत पक्कं, इथून पुढे अंदाज" असं लिहून द्यायची हिंमत पाहिजे. चांगल्या आणि भुक्कड जीनिऑलॉजिस्टमध्ये फरक असेल तर तो हाच, बाकी वेबसाइटी दोघं त्याच वापरतात.

पण आयर्लंडची सगळी रेकॉर्ड्स जळाली ना?

हा प्रश्न इतक्यांदा येतो की काय सांगू. सगळी नाही जळाली. जून १९२२ मध्ये, यादवी युद्धाच्या सुरुवातीला, डब्लिनच्या फोर कोर्ट्स या कोर्टाच्या इमारतीत तहाविरोधी लोक (म्हणजे ब्रिटनशी केलेला तह मान्य नसलेले) ठाण मांडून बसले होते, सरकारी फौजेने तोफा लावल्या आणि ३० जूनला मोठा स्फोट होऊन शेजारचं पब्लिक रेकॉर्ड ऑफिस पेटलं. कागदाचे जळके तुकडे शहरभर पडत होते. त्यात १८२१ ते १८५१ च्या जनगणना गेल्या (काही जिल्ह्यांचे तुकडे वाचले, उदाहरणार्थ कॅव्हनचे), शेकडो वर्षांची मृत्युपत्रं गेली, आणि चर्च ऑफ आयर्लंडने म्हणजे तिथल्या प्रोटेस्टंट चर्चने जमा केलेली हजाराच्या आसपास पॅरिशची (पॅरिश म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला भाग) रजिस्टरं गेली.

पण कॅथलिक चर्चची रजिस्टरं तिथे कधी नव्हतीच, ती गावोगावच्या पाद्र्यांकडे होती. जन्म-मृत्यू-लग्नाची सरकारी नोंदणी पण दुसरीकडे होती. १९०१ आणि १९११ ची जनगणना तिथे अजून पोचायचीच होती म्हणून वाचली. आता खरी चीड आणणारी गोष्ट ऐका: १८६१ आणि १८७१ च्या जनगणनेचे फॉर्म आगीत गेले नाहीत, ते सरकारनेच आकडे काढून झाल्यावर नष्ट करून टाकले, आणि १८८१ आणि १८९१ चे पहिल्या महायुद्धात कागदाचा तुटवडा होता म्हणून लगद्यात घातले. म्हणजे बंडखोरांच्या नावाने बोटं मोडतात सगळे, पण चार जनगणना कारकुनांनी गिळल्या त्याचं काय.

मग काम कशावर चालतं?

मुख्य गोष्टी सांगतो, यादी बरीच मोठी आहे.

सरकारी नोंदणी सगळ्यांसाठी १ जानेवारी १८६४ पासून सुरू झाली (कॅथलिक नसलेल्यांची लग्नं १८४५ पासूनच नोंदली जायची). जन्माच्या नोंदीत आईचं माहेरचं नाव मिळतं, लग्नाच्या नोंदीत दोघांच्याही वडिलांची नावं, मृत्यूच्या नोंदीत मात्र आईवडील नसतात, फक्त वय, धंदा, कारण आणि खबर कुणी दिली ते. एक गंमत नेहमी दिसते, बाप्तिस्मा जन्माच्या आधी झालेला असतो! म्हणजे काय, तर तीन महिन्यांच्या आत जन्म नोंदवला नाही तर दंड होता, बाप उशिरा जायचा आणि तारीख पुढची सांगून मोकळा व्हायचा. तेव्हा तारखांमध्ये भांडण असेल तर बहुतेक वेळा चर्चवर विश्वास ठेवायचा.

१८६४ च्या आधी गेलात की कॅथलिक रजिस्टरं. नॅशनल लायब्ररीने त्यांच्या मायक्रोफिल्म २०१५ मध्ये ऑनलाइन फुकट टाकल्या, साधारण १८८० पर्यंतच्या. अक्षर भयानक, शाई उडालेली, आणि बऱ्याच ठिकाणी लॅटिनमध्ये, म्हणजे जेम्सचा जेकोबस आणि विल्यमचा गुलिएल्मस झालेला. पश्चिमेकडच्या गरीब भागात रजिस्टरंच मुळी उशिरा सुरू होतात, म्हणजे १८४५ नंतरच्या महादुष्काळात ज्या भागातून सगळ्यात जास्त लोक गेले तिथेच कागद सगळ्यात कमी.

मग जमिनीचे कागद. ग्रिफिथचं व्हॅल्युएशन, १८४७ ते १८६४, कुणाच्या ताब्यात कोणती जमीन, मालक कोण, कर किती. त्याच्या आधीची, १८२० आणि ३० च्या दशकातली टाइद अ‍ॅप्लॉटमेंट बुक्स, म्हणजे चर्चसाठीच्या कराच्या वह्या. ग्रिफिथ ऑनलाइन सगळेच बघतात, पण प्रोफेशनल माणूस त्याच्या पुढच्या दुरुस्तीच्या वह्या काढतो. आपल्याकडच्या सातबाऱ्यावरच्या फेरफारासारखंच समजा: कूळ बदललं की जुनं नाव खोडून वर नवीन नाव, दर फेरीला वेगळ्या रंगाची शाई, बाजूला वर्ष. लाल शाईत पॅट्रिक खोडून मायकल लिहिलाय आणि शेजारी १८८७ लिहिलंय, तर त्याच्या आसपास पॅट्रिक मेला असेल किंवा अमेरिकेला गेला असेल, की लगेच मृत्यूच्या नोंदी त्या दोन-तीन वर्षांच्या बघायच्या. बाकी आयर्लंडच्या वह्या बघायला बहुतेक डब्लिनला जावं लागतं, उत्तर आयर्लंडच्या सहा काउंट्यांच्या (काउंटी म्हणजे जिल्हा) बेलफास्टच्या सरकारी अभिलेखागाराने फुकट ऑनलाइन ठेवल्यात.

आणि मग बारीकसारीक: वर्कहाऊस (गरिबांना ठेवायची सरकारी घरं), तुरुंग, छोट्या कोर्टातले दंड, रजिस्ट्री ऑफ डीड्स (जमिनीच्या दस्तांची नोंदणी, १७०८ पासून चालू, अवजड बाडं). माझी आवडती म्हणजे कुत्र्यांच्या लायसन्सची रजिस्टरं, १८६६ पासूनची. हसू नका, गरीब शेतकऱ्याचं नाव दुसरीकडे कुठेच नसतं पण कुत्रा असतो, आणि नोंदीत त्याचं गाव आणि कुत्र्याचा रंग दोन्ही लिहिलेलं असतं.

पेन्शनचं काहीतरी आहे म्हणतात, ते काय?

हे मस्त आहे. १९०८ च्या कायद्याने सत्तरीच्या वरच्या म्हाताऱ्यांना पेन्शन मिळायला लागली, पैसे १९०९ च्या जानेवारीपासून. आता सत्तर वर्षांच्या माणसाकडे जन्माचा दाखला कुठून असणार, नोंदणीच १८६४ ला सुरू झालेली. मग वय सिद्ध करायला १८४१ आणि १८५१ च्या जनगणनेत नाव शोधायचे अर्ज केले लोकांनी, कारकून जाऊन बघायचा आणि काय सापडलं ते त्याच अर्जावर खरडायचा, आईबापाची नावं, गाव, भावंडं. जनगणना १९२२ ला जळाली, अर्ज राहिले. त्या काळातली एक गंमत जाता जाता: १९०१ ते १९११ या दहा वर्षांत भरपूर लोक दहापेक्षा जास्त वर्षांनी म्हातारे झालेत. पेन्शनचा महिमा, दुसरं काय. त्यामुळे १९११ चं वय कुणी डोळे झाकून वापरलेलं दिसलं की समजायचं नवखा आहे.

सारखं टाउनलँड टाउनलँड काय चाललेलं असतं यांचं?

टाउनलँड म्हणजे जमिनीचा सगळ्यात छोटा नाव असलेला तुकडा, साठ हजारांच्या वर आहेत अख्ख्या बेटावर, काही एवढे छोटे की घरं दोन-तीन. त्याच्या वर सिव्हिल पॅरिश, बॅरनी, काउंटी, आणि ही झाली एक उतरंड, कॅथलिक पॅरिशच्या हद्दी वेगळ्या, पुअर लॉ युनियनच्या (गरिबांच्या मदतीसाठी पाडलेल्या विभागांच्या) वेगळ्या, आणि एकही दुसऱ्याशी जुळत नाही. टाउनलँड कळलं की कोणतं चर्च, कोणतं रजिस्ट्रार ऑफिस, ग्रिफिथचा कोणता नकाशा हे सगळं आपोआप सुटतं. नुसतं "काउंटी मेयो" घेऊन आलात तर माणूस चांगला असेल तरी महिनोन् महिने फिरत बसेल. म्हणून परदेशातल्या क्लायंटला आयरिश जीनिऑलॉजिस्ट बहुतेक वेळा पहिल्यांदा हेच सांगतो की आधी तिकडचेच कागद काढा, मृत्युलेख, थडग्यावरचा मजकूर, नागरिकत्वाचे कागद, आणि भावाबहिणींचे पण काढा, कारण आपल्या पूर्वजाच्या कागदावर "आयर्लंड" एवढंच असतं आणि त्याच्या अविवाहित बहिणीच्या मृत्युलेखात गावाचं नाव लख्ख लिहिलेलं असतं.

एकाच नावाची माणसं वेगळी कशी काढतात?

समजा टिपरेरीचा जॉन रायन हवाय. टिपरेरीत रायन म्हणजे दगड उचलला की एक निघतो. ग्रिफिथचे लोक पण वैतागले असणार, त्यांनी नावापुढे कंसात बापाचं नाव किंवा घराण्याचं टोपणनाव टाकलंय, रायन (टिम), रायन (बॉन) असं. मग बायकोचं माहेरचं नाव, बाप्तिस्म्याचे साक्षीदार, शेजारी कोण, जमिनीचा नकाशावरचा नंबर, आणि मुलांच्या नावांचा क्रम (पहिला मुलगा बहुधा बापाच्या बापाचं नाव, दुसरा आईच्या बापाचं, पण हा नियम नाही, रिवाज आहे) हे सगळं एकत्र ठेवायचं. बाकीच्या जॉन रायन लोकांचा पण माग काढायचा, हा इथेच मेला, तो ऑस्ट्रेलियाला गेला, असं एकेक बाद करत यायचं. रिपोर्टमधली अर्धी पानं आपल्या न निघालेल्या जॉन रायन लोकांवर असतात आणि क्लायंटला वाटतं ह्याचे पैसे का लावले. तेच तर काम आहे ना.

सगळं फुकट ऑनलाइन आहे तर पैसे देऊन माणूस कशाला लावायचा?

कित्येकांना लावायची गरज नसते, खरंच सांगतो. १९०१, १९११ ची जनगणना फुकट, चर्चची रजिस्टरं फुकट, आणि सरकारी साइटवर जुन्या नोंदींचे स्कॅन फुकट (जन्म १०० वर्षांच्या, लग्न ७५ आणि मृत्यू ५० वर्षांच्या अलीकडचे मात्र दाखवत नाहीत). या मर्यादांमागे पण किस्सा आहे, २०१४ मध्ये नोंदणीचा इंडेक्स जवळजवळ आजपर्यंतचा टाकला होता आणि जिवंत माणसांच्या जन्मतारखा आणि आयांची माहेरची नावं जगाला दिसायला लागली, म्हणजे बँकेच्या सिक्युरिटी प्रश्नांची उत्तरंच. डेटा प्रोटेक्शन कमिशनरने हरकत घेतल्यावर बंद केला, मग या हद्दी घालून परत आणला.

१९२६ ची जनगणना, म्हणजे स्वतंत्र झाल्यावरची पहिली, १०० वर्षांच्या नियमाने एप्रिल २०२६ ची तारीख धरून होती. लवकर खुली करा म्हणून जीनिऑलॉजिस्ट मंडळींनी वर्षानुवर्षं सरकारच्या मागे लकडा लावला पण उपयोग शून्य.

माणूस लावायचा तो अडकल्यावर. किंवा कोर्टात, वकिलासमोर टिकेल असं काही हवं असल्यावर.

हे प्रोफेशनल कोण असतात? डिग्री असते का?

लायसन्स वगैरे काही नाही, उद्या मी पण पाटी लावू शकतो, आणि गोंधळ इथेच आहे. म्हणून १९८६ मध्ये काही जणांनी संघटना काढली, तेव्हाचं नाव असोसिएशन ऑफ प्रोफेशनल जीनिऑलॉजिस्ट्स इन आयर्लंड, आता अ‍ॅक्रेडिटेड जीनिऑलॉजिस्ट्स आयर्लंड. नावापुढे एमएजीआय दिसलं की मेंबर. आत घ्यायच्या आधी तुमचे रिपोर्ट स्वतंत्र मंडळ तपासतं, आचारसंहिता आहे, तक्रार करायची सोय आहे. मला आवडणारी गोष्ट म्हणजे सीमेच्या दोन्ही बाजूंचे लोक एकाच संघटनेत आहेत, डब्लिनचे पण आणि बेलफास्टचे पण. मेंबर नसलेले पण उत्तम लोक आहेत, काही जण एकाच काउंटीत आयुष्य काढलेले, त्यांना कोणतं घराणं कोणत्या वळणावर राहायचं ते पाठ असतं.

शिवाय हौशी मंडळींच्या संस्था आहेत, त्या प्रोफेशनलपेक्षा जुन्या. आयरिश जीनिऑलॉजिकल रिसर्च सोसायटी १९३६ मध्ये लंडनला निघाली ती १९२२ चं नुकसान भरून काढायलाच, कुणाकडे जळालेल्या कागदाची नक्कल असेल तर गोळा करा म्हणून. काउंटीवार हेरिटेज सेंटरं आहेत, त्यांचा डेटाबेस पैसे भरून बघता येतो. आणि ट्रिनिटी कॉलेजच्या पुढाकाराने २०२२ मध्ये जळालेल्या रेकॉर्ड ऑफिसची आभासी आवृत्ती उभी राहिली, जगभरच्या अभिलेखागारांतल्या नकला जोडून. हे छोटं जग आहे, सगळे एकमेकांना ओळखतात, नॅशनल लायब्ररीत भेटतात, आणि कुणी फालतू वंशावळ ऑनलाइन टाकली की चहाबरोबर ती पण चवीने चघळतात.

यांच्याकडे काम कुणाचं येतं?

अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, ब्रिटनमधले वंशज हे मोठं गिऱ्हाईक. १८४५ ते १८५२ च्या महादुष्काळात दहा लाखांच्या आसपास माणसं मेली आणि दहा लाखांवर बाहेर पडली, त्यांची नातवंडं-पतवंडं आता शोधत येतात. दुसरं, वारस शोधणं: कुणी मृत्युपत्र न करता एकटा मेला, वकिलाला चुलत भावंडं हवी असतात. तिसरं, पासपोर्टची कागदपत्रं, ब्रेक्झिटनंतर ब्रिटनमधून लोंढाच लागला. आणि अधूनमधून मोठी माणसं. ओबामांच्या आईकडचा पूर्वज फॅल्मथ कर्नी, चांभाराचा मुलगा, ऑफालीच्या मनीगॉल गावातून १८५० ला अमेरिकेला गेला हे तिथल्या प्रोटेस्टंट पॅरिशच्या जुन्या नोंदींतून पक्कं झालं, आणि २०११ च्या मेमध्ये ओबामा जाऊन त्या गावात पाइंट पिऊन आले. लक्षात घ्या, प्रोटेस्टंट पॅरिश. ते रजिस्टर डब्लिनला जमा झालं असतं तर बहुतेक जळालंच असतं.

मला आयरिश पासपोर्ट मिळेल का?

आजी किंवा आजोबा आयर्लंड बेटावर जन्मलेले असतील (उत्तर आयर्लंड चालतं) तर फॉरेन बर्थ्स रजिस्टरमध्ये (परदेशात जन्मलेल्यांच्या आयरिश सरकारी नोंदवहीत) नाव घालून नागरिकत्व मिळू शकतं. पणजोबा आयरिश असतील तर सहसा नाही, तुमच्या जन्माच्या आधी तुमच्या आई किंवा वडिलांनी नाव घातलेलं असेल तरच. डीएनएचा रिपोर्ट तिथे कुणी विचारत नाही, दाखले लागतात, प्रत्येक पिढीचे.

डीएनए टेस्ट केली की झालं ना?

"६२ टक्के आयरिश" याचा कुणालाच काही उपयोग नाही, खरं तर. उपयोग असतो तो मॅच झालेल्या चुलत-मावस भावंडांच्या यादीचा, त्यातल्या एखाद्याच्या घरात टाउनलँड माहीत असतं. १८०० च्या आसपास कागद संपले की डीएनए आणि रजिस्टर एकत्र वापरून थोडं पुढे सरकता येतं, नुसत्या एकावर नाही.

किती मागे जाता येतं? आम्ही राजघराण्यातले आहोत असं आजी म्हणायची.

साधं शेतकरी कॅथलिक कुटुंब असेल तर १८०० ते १८२० च्या आसपास गाडी थांबते, त्याच्या पलीकडे गेलात तर नशीबवान. जमीनदार असतील तर रजिस्ट्री ऑफ डीड्समुळे १७०० च्या घरात. मृत्युपत्रं जळाली तरी सर विल्यम बेथम नावाच्या माणसाने त्याआधी हजारोंचा गोषवारा वह्यांमध्ये उतरवून ठेवला होता, तो कामाला येतो.

जुन्या गेलिक काळात मात्र हा पिढीजात धंदा होता. स्लायगोच्या मॅक फिरविशी घराण्यातल्या द्वाल्तखने १६५० मध्ये गॉलवेत बसून वंशावळींचा अवाढव्य ग्रंथ पुरा केला. पण तो सरदारांच्या घराण्यांचा, आणि त्यातला शेवटचा माणूस आणि तुमच्या रजिस्टरातला पहिला माणूस यांच्यात जो दीडदोनशे वर्षांचा खड्डा आहे तो भरून देतो म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. दुकानात मिळणारं आडनावाचं मानचिन्ह तर निव्वळ मगवर छापायला, मानचिन्ह एका व्यक्तीला दिलेलं असतं, आख्ख्या आडनावाला नाही.

भारतात आलेल्या आयरिश पूर्वजांचं काय? पुणे, देवळाली, मुंबई वगैरे?

याचा खराखुरा धागा आहे. कंपनीच्या युरोपियन पलटणींत आयरिश पोरं भरपूर होती. मुंबईची बॉम्बे फ्युजिलिअर्स पलटण १८८१ मध्ये चक्क रॉयल डब्लिन फ्युजिलिअर्सची दुसरी बटालियन झाली, आणि १९२२ ला बरखास्त. अशा माणसाचा शोध डब्लिनमध्ये सुरू करूच नका. मुंबई इलाख्यातले बाप्तिस्मे, लग्नं, दफन यांच्या नकला लंडनला जायच्या, त्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिस रेकॉर्ड्समध्ये आहेत, आणि ब्रिटिश काळात भारतात राहिलेल्या कुटुंबांचा शोध घेणाऱ्या फिबिस नावाच्या संस्थेचा डेटाबेस फुकट आहे. सैनिकाचे पेन्शनचे कागद लंडनमधल्या क्यूच्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये सापडले तर लॉटरीच, कारण त्यात जन्माचं पॅरिश, जवळचं गाव, काउंटी असं ओळीने लिहिलेलं असतं. ते घेऊन मग आयरिश माणसाकडे जा.

उलट दिशेने पण होतं. लिओ वराडकर, दोनदा आयर्लंडचे पंतप्रधान झालेले, त्यांचं आईकडचं वॉटरफर्डमधलं घराणं इथल्या रजिस्टरांत शोधता येईल, पण वडिलांकडचं मालवणच्या वराड गावातलं. तिथे डब्लिनचा तज्ज्ञ काय करणार, तिथे तलाठी आणि भाऊबंदच लागतात.

फी किती आणि पहिल्या मेलमध्ये काय लिहू?

काही जण तासावर घेतात, काही जण आधी छोटी रक्कम घेऊन काय शक्य आहे त्याचा अंदाज देतात, मग पुढचं. फी कामाची असते, सापडण्याची नाही, हे डोक्यात पक्कं ठेवा. "नक्की शोधून देतो" म्हणणाऱ्यापासून लांब राहा. मेलमध्ये घरातल्या गोष्टी आणि कागद वेगवेगळे लिहा, काय आधीच शोधून झालंय ते सांगा म्हणजे त्याचे परत पैसे लागणार नाहीत, आणि दाखल्यांचे फोटो पूर्ण पानाचे पाठवा, कडा कापून नका पाठवू. कडेलाच नंबर असतो.

डब्लिनला फिरायला येतोय, एक सकाळ हाताशी आहे. काय करू?

किल्डेअर स्ट्रीटवर नॅशनल लायब्ररी आहे, तिथे वंशावळीसाठी फुकट सल्ला देतात, जायच्या आधी वेळा साइटवर बघून घ्या. पाच मिनिटांत सगळं सांगता येईल एवढा एक कागद लिहून न्या, नाव, अंदाजे साल, धर्म, काउंटी. धर्म लिहायला लोक लाजतात, पण कोणतं रजिस्टर उघडायचं ते त्यावरच ठरतं.